बोटीवरच्या एकशे आठ फेऱ्या

इरा आणि नील,

तुम्ही दोघांनी फोनवर एकच प्रश्न विचारला होतात की आजी, बोटीवर माणूस पळतो तरी कुठे? उत्तर तेव्हाच देता आलं असतं, पण तुमचे आजोबा शेजारी बसतात आणि माझ्या गोष्टीतली निम्मी वाक्यं त्यांचीच होतात. म्हणून लिहायला बसले आहे. बॅगा कधीच माळ्यावर गेल्या, बुटांतली लक्षद्वीपची वाळू तुळशीच्या कुंडीत झटकून झाली. परतून महिना होत आला. एवढा उशीर का, ते शेवटी कळेल. तुमची आई हे वाचून दाखवेल; तिला सांगा, गाळून वाचू नकोस.

आधी मागची गोष्ट. गेल्या वर्षी इंदूरच्या हाफ मॅरेथॉनमध्ये, म्हणजे एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत, मी सोळा किलोमीटर पळाले आणि तिथे मला बसने गाठलं. शर्यतीच्या मागून एक रिकामी बस हळूहळू येत असते. ठरलेल्या सव्वातीन तासांत पोचणार नाहीत असं ज्यांच्याबद्दल दिसतं त्यांना ती उचलते, कारण रस्ता वाहनांसाठी मोकळा करायचा असतो. बसमध्ये मी होते, पाय मुरगळलेला एक इंजिनिअर होता आणि एक काका होते. आपण थकलो नाही, फक्त बस आतून बघायची होती, असं ते शेवटपर्यंत सांगत होते. इराला मी मेडल पाठवायचं कबूल केलं होतं. मेडल नव्हतं, म्हणून खिडकीशी बसून काढलेला बसचा फोटो पाठवला. नील तो बघून म्हणाला, "आजी, पुढच्या वेळी बस नको." हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे.

ती वही तुम्ही पाहिली आहे. मी शिकले कॉन्व्हेंटमध्ये, त्यामुळे माझे आकडे इंग्रजीत असतात आणि रागावणं मराठीत. तारीख, अंतर, वेळ, हवा, गुडघा, असे पाच रकाने. अंदाजाने भरलेला एकही रकाना त्या वहीत नाही.

यंदाच्या शर्यतीसाठी चौहान सरांनी सोळा आठवड्यांचा तक्ता करून दिला होता. सर आमच्या सकाळच्या ग्रुपला शिकवतात. ते देपालपूरच्या शेतकऱ्याच्या घरचे, आणि तक्त्यातल्या तारखांकडे पेरणीसारखं बघतात. दिवस टळला की टळला. हा तक्ता मी फ्रिजवर लावला होता. तुमच्या आजोबांना तो कधी दिसला नाही, कारण फ्रिजकडे बघताना त्यांचं लक्ष आतल्या बाजूला असतं. त्यांनी आमच्या लग्नाच्या पंचेचाळिसाव्या वाढदिवसाची भेट म्हणून बोटीची सहल ठरवली: मुंबई, लक्षद्वीप, गोवा आणि परत मुंबई. तिकिटं हातात देऊन ते टाळीची वाट बघत उभे राहिले. मी तिकीट आणि तक्ता शेजारी ठेवून पाहिले. तक्त्यातली सगळ्यात लांब धाव, अठरा किलोमीटर, सहलीच्या चौथ्या दिवशी होती. चौथ्या दिवशी आम्ही अरबी समुद्राच्या मधोमध असणार होतो.

सरांना विचारलं, ती एक गाळली तर चालेल का? ते म्हणाले, "आंटीजी, अठारह छोड़ दिया तो इक्कीस भूल जाइए."

मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला. त्यामुळे एक अडचण आधीच लक्षात आली. माझं मनगटावरचं घड्याळ उपग्रहाकडून अंतर मोजतं. चालत्या बोटीवर ते बोटीचं अंतरही माझ्याच नावावर टाकणार. (आणि तसंच झालं. पहिल्या संध्याकाळी आजोबांचं जेवण होईपर्यंत मी खुर्चीत बसल्या बसल्या तीस किलोमीटर पळाले होते.) म्हणून फेऱ्या मोजायचं काहीतरी हवं होतं. ते आपल्या खजरान्याच्या गणपतीच्या देवळाबाहेर मिळालं: बोटात अंगठीसारखा घालायचा, नामजप मोजायचा छोटा काउंटर. बटण दाबलं की आकडा एकाने पुढे जातो. दुकानदाराने विचारलं, कौनसा जाप, माताजी? मी म्हटलं, जाप नहीं, चक्कर गिनने हैं. त्याने फार समजुतीने मान हलवली आणि त्यावर गणपतीचा एक स्टिकर चिकटवून दिला. तेव्हा मला काही वाटलं नाही.

पहिला दिवस: मुंबईचं बंदर

सामान तपासणाऱ्या बाईंनी आजोबांची पिशवी उघडली. त्यात शेवेची दोन पाकिटं आणि जीरावनची बरणी होती. तुम्हाला आठवतं ना, पोह्यांवर भुरभुरायचा आपला इंदुरी मसाला? बाईंनी झाकण काढून वास घेतला, तीनदा शिंकल्या आणि डोळे पुसत बरणी परत दिली. आजोबा म्हणाले, "घ्या ना थोडं घरी." मी त्यांना पुढे ढकललं.

बोट म्हणजे अकरा मजल्यांची तरंगती वसाहत. खोली लावून झाल्यावर मी आधी व्यायामशाळा पाहिली. पळायची यंत्रं चार, माणशी अर्धा तास, आणि रांगेत लग्नाच्या वऱ्हाडातले नऊ जण. मग सगळ्यात वरच्या डेकवर गेले. तिथे धुरांड्याभोवती निळी पट्टी आखलेली होती आणि भिंतीवर लिहिलं होतं की पाच फेऱ्यांचा एक किलोमीटर. तरीही मी पावलांनी मोजलं. बाहेरच्या कडेने दोनशे मीटर भरतात, आतल्या कडेने थोडे कमी. म्हणजे अठरा किलोमीटरला नव्वद फेऱ्या, बाहेरच्या कडेने.

डेकची देखरेख फर्नांडिसजींकडे होती. गोव्याचे, पन्नाशीचे, इस्त्रीची घडी न मोडता दिवसभर वावरणारे. मला ते लगेच आवडले. त्यांनी नियम सांगितले: पळणाऱ्यांसाठी डेक पहाटे साडेपाच ते साडेआठ, साडेआठला तिथे झुंबा असतो. आणि दाराशी बाणाची पाटी आहे, ती बघायची. एक दिवस सगळ्यांनी घड्याळाच्या दिशेने जायचं, दुसऱ्या दिवशी उलट, म्हणजे एकाच गुडघ्यावर भार येत नाही. मी ते वहीत उतरवून घेतलं. त्यांनी सांगितलं, इतक्या वर्षांत हे लिहून घेणारी मी पहिलीच.

दुसरा दिवस: नुसता समुद्र

चालत्या बोटीवर पळणं कसं असतं ते सांगते. पाय टाकावा तर जमीन कधी दोन बोटं आधीच भेटायला येते, कधी येतच नाही. पुढच्या टोकाकडे वळलं की वारा छातीवर हात ठेवून थांबवतो, आणि मागे वळलं की तोच वारा लग्नघरातल्या आत्याबाईंसारखा पाठीत ढकलतो. तिसऱ्या फेरीला माझी टोपी उडून समुद्रात गेली. मी आयुष्यभर टॉफीचा कागदसुद्धा पर्समध्ये घालून घरी आणणारी इंदूरची बाई, आणि पहिल्यांदा कचरा केला तो थेट अरबी समुद्रात. तशीच जाऊन फर्नांडिसजींना कबुली दिली. ते माझं नाव लिहून घेतील असं वाटलं होतं. त्यांनी दुसरी टोपी आणून दिली, हनुवटीखाली दोरी असलेली.

मागच्या बाजूला, जिथे वारा अडतो तिथे, आरामखुर्चीत एक बाई बसल्या होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, सुती साडीवर लोकरी स्वेटर, पायात मोजे आणि चपला, हातात तुळशीची माळ. प्रत्येक फेरीला त्या माझ्याकडे बघत. दहाव्या फेरीला त्यांना माझ्या बोटातला काउंटर दिसला. पंधराव्या फेरीला त्यांनी विचारलं, "एकशे आठ ना?"

पळणाऱ्या माणसाला श्वास पुरवून वापरावा लागतो. प्रश्न कळून उत्तर जुळवेपर्यंत अर्धी फेरी निघून जाते. मी नुसती मान हलवली, हो म्हणून. पुढच्या सगळ्या घोटाळ्याचं मूळ ही मान.

न्याहारीला पोहे होते. दिसायला पिवळे, पण वर ना शेव, ना बडीशेप, आणि कोरडे ठणठणीत. आपल्याकडे पोहे वाफेवर ठेवतात हे त्या स्वयंपाक्यांना कोणी सांगितलं नसावं. आजोबांनी शांतपणे बरणी काढली. ती उघडून दोन मिनिटं झाली नसतील, मागून अस्सल इंदुरी आवाज आला, "भिया, जीरावन आहे का हो?"

त्याच बाई. नाव शकुंतला, पण सगळे जीजी म्हणतात. आपल्या इंदूरच्याच, खजराना रोडला घर. मुलगा-सुनेबरोबर आल्या होत्या. त्यांच्या सासरचे पूर्वज इंदूर दरबारच्या घोडदळात होते आणि जीजींच्या आवाजात ते घोडदळ अजून शिल्लक आहे. पोह्यांवर जीरावन घालून त्यांनी आजोबांना विचारलं, बाईंनी कसली मन्नत मानली आहे?

तुमच्या आजोबांच्या तोंडात घास होता. तरी त्यांनी उत्तर दिलं, आणि दुर्दैवाने त्यातला शब्द न् शब्द खरा होता. "वर्षभर चाललंय हो. मागच्या वर्षी अर्धवट राहिली."

जीजींचा चमचा थांबला. मन्नत अर्धवट राहणं म्हणजे काय, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट वाचता आलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात टेबलाखाली आजोबांनी माझा पाय दाबला. त्यांना फार मजा येत होती. "अशी कशी अर्धवट राहील," असं म्हणून जीजी उठल्या आणि बरणी घेऊन सुनेकडे गेल्या. बरणी परत आली, अर्धी.

तिसरा दिवस: लक्षद्वीप

सकाळी तक्त्याप्रमाणे तीनच किलोमीटर होते. दारातली पाटी फिरवलेली होती, म्हणून मी घड्याळाच्या उलट दिशेने निघाले. नियम तो नियम. जीजीही त्या दिवशी चालायला उतरल्या होत्या, अगदी सावकाश, कठडा धरून आणि अर्थातच देवळातल्यासारख्या. त्यामुळे प्रत्येक फेरीत आम्ही समोरासमोर आलो.

पहिल्यांदा त्या म्हणाल्या, "बाई, उलटी चालून राहिली आहेस." दुसऱ्यांदा नुसता हात वर केला. तिसऱ्यांदा माझा दंडच धरला. फर्नांडिसजी धावत आले आणि बाण, गुडघा, भार असं सगळं हिंदीतून समजावून सांगू लागले. जीजींनी ते नीट ऐकून घेतलं, कारण त्यांचेही गुडघे आहेत, आणि खुर्चीत जाऊन विचार करत बसल्या. दोन फेऱ्यांनंतर मी त्यांच्यासमोरून गेले तेव्हा चेहरा उजळला होता.

"समजलं," त्या म्हणाल्या. "खजरान्यासारखं आहे."

खजरान्याला देवळाच्या मागच्या भिंतीवर लोक मन्नत मागताना उलटा स्वस्तिक काढतात आणि ती पुरी झाली की येऊन सरळ काढतात. जीजींच्या हिशेबाने आज उलट्या फेऱ्या म्हणजे मागणं, आणि उद्या सरळ फेऱ्या म्हणजे पूर्ती. बोटीच्या कंपनीला इतका चांगला अर्थ सुचला नसता. फर्नांडिसजींनी माझ्याकडे पाहिलं. मी समुद्राकडे पाहिलं.

मग बोट थांबली आणि आम्ही लहान होडीतून बेटावर गेलो. इथे जरा थांबून सांगायला हवं. एकतीस वर्षं मी फळ्यावर कंकणद्वीप काढलं: पांढऱ्या खडूने प्रवाळाचं कडं, आत निळ्या खडूने उथळ पाणी. होडी त्या कड्याच्या आत शिरली आणि माझ्या लक्षात आलं की खडू चुकीचा होता. तो निळा नाहीच. कच्च्या कैरीच्या आतल्या बाजूला जो अगदी फिका हिरवा असतो, तो दुधात कालवावा, तसा काहीसा. मी पाण्यात हात घालून बसले. एकतीस वर्गांची माफी मागावी असं वाटलं. आजोबा म्हणाले, परीक्षेत विचारलं नव्हतं ना, मग झालं.

बेटावर पांढऱ्या वाळूच्या गल्ल्या, आणि घरासमोरचं अंगण झाडून त्यावर खराट्याच्या रेषा तशाच ठेवलेल्या. आपल्याकडे सडा घालतात तसंच हे, फक्त पाण्याविना. जिने आम्हाला शहाळी दिली त्या बाईला मी खुणेने विचारलं, रिकामी शहाळी कुठे टाकायची, ओल्या कचऱ्यात की सुक्या? ती हसली, विळ्याने शहाळं उभं फोडलं, आतली मलई काढून दिली आणि करवंटी चुलीजवळच्या ढिगात फेकली. जेवायला नारळाच्या रसातली ट्यूना आणि भात. आजोबांनी त्यावरही शेव घातली. ती बाई बघत राहिली, मग तिनेही हात पुढे केला. शेवेचं दुसरं पाकीट तिथेच संपलं.

चौथा दिवस: नव्वद फेऱ्या

साडेपाचला डेकवर आले तेव्हा समुद्र आणि आकाश वेगळे झाले नव्हते. पाटीवरचा बाण सरळ दिशेचा. जीजी आधीच खुर्चीत, कानाला मफलर, हातात माळ. त्यांनी मान हलवली, मी हलवली, आणि निघाले.

पहिला तास चांगला गेला. उजेड वाढत होता. कठड्याच्या खालून एकदा चांदीची मूठभर नाणी कोणी पाण्यावर तिरपी फेकावीत तसे उडणारे मासे निघाले आणि परत आत गेले. वर्गात शिकवताना मी त्यांना एकच ओळ दिली होती. मी ठरवून टाकलं होतं की काउंटरकडे सारखं बघायचं नाही, नुसतं दाबत जायचं. शेवटचं पाहिलं तेव्हा आकडा चाळीस होता.

सात वाजून गेल्यावर तुमचे आजोबा चहाचा पेला घेऊन वर आले. मी पाणी प्यायला आणि बुटाची नाडी बांधायला थांबले आणि काउंटर त्यांच्या हातात दिला. अर्धा मिनिट, फार तर. नाडीची गाठ मारून वर पाहिलं तर ते चष्मा कपाळावर चढवून त्याच्या बाजूचं बारीक बटण नखाने दाबत होते.

"ह्याने लाइट लागतो का बघत होतो," ते म्हणाले.

लाइट लागला नाही. शून्य आलं.

"अहो, किती झाल्या होत्या?"

"मी कसं सांगणार? मी आत्ता आलो. पण शून्य अगदी स्वच्छ दिसतंय बघ."

मी तिथेच उभी राहिले. चाळीसनंतर किती? पंधरा? पंचवीस? वेळेवरून काढावं तर मधे एकदा टोपीची दोरी सुटली होती, एकदा फर्नांडिसजींशी बोलले होते. बावन्नही असतील, सत्तरही. पहिल्यापासून सुरू करायला वेळ नव्हता. उद्या गोव्याला उतरायचं, परवा घर, आणि त्यापुढे तक्त्यात अंतर उतरतं. म्हणजे अठरा आत्ता, नाहीतर नाही. तुम्ही म्हणाल, थोडं इकडेतिकडे झालं तर काय बिघडलं? पण मागच्या वर्षीही मी असेच दोन-तीन रकाने अंदाजाने समजून घेतले होते, वहीत नाही, मनात. आणि सोळाव्या किलोमीटरला बस आली होती.

तेवढ्यात जीजींनी हाक मारली. माळेचा हात वर केलेला. "इथे आहेत ना तुझ्या फेऱ्या. पहिलीपासून मी एकेक मणी ओढून राहिले आहे."

मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या खुर्चीशी बसलेच. विचारलं, "किती झाल्या, जीजी?"

"माळेला किती ते विचारत नसतात. मेरुमणी आला की झाली."

मेरुमणी म्हणजे माळेच्या गाठीचा मोठा मणी. तिथपर्यंत एकशे आठ मणी असतात. मी म्हटलं, मग ओढलेले मणी आपण मोजून बघू, दोन मिनिटं लागतील. जीजींनी मूठ मिटून पदराखाली घेतली. त्यांच्या सासूने शिकवलं होतं की चालू माळ मधे थांबवून मोजायची नाही. मुलगा-सून, बोटीचा कप्तान, कोणी सांगितलं तरी ती मूठ उघडली नसती.

"चल," त्या म्हणाल्या. "तुझ्यामुळे माझी माळ अडली आहे."

मी मनातल्या मनात गुणाकार केला. एकशे आठ गुणिले दोनशे म्हणजे एकवीस किलोमीटर सहाशे मीटर. शर्यतीपेक्षाही जास्त. सरांचा कडक नियम आहे की सरावात पूर्ण अंतर पळायचं नाही. आणि मी तेवढं आयुष्यात कधी पळालेही नव्हते. नव्वदवर थांबायचं तर नव्वद कधी येणार ते कळायला मार्ग नव्हता. ह्या बोटीवर एकच आकडा कळणार होता, आणि तो जीजींच्या मुठीत होता.

मी निघाले. काउंटर आजोबांच्या खिशात राहिला.

पुढचा सव्वा तास मी काहीच मोजलं नाही. तुम्हाला हे साधं वाटेल, पण मी जिने चढतानाही पायऱ्या मोजणारी बाई आहे. आता मोजायला काही नव्हतं. खुर्ची यायची, जीजींचा अंगठा हलायचा, खुर्ची मागे जायची. आजोबा अपराधी चेहऱ्याने केळं हातात घेऊन माझ्याबरोबर एक फेरी चालले आणि शेवटी ते केळं त्यांनीच खाल्लं. ऊन चढलं. पोटऱ्या दगड झाल्या. एका ठिकाणी, धुरांड्याच्या सावलीत, मला अगदी पक्कं वाटलं की सोळा किलोमीटर इथेच झाले असणार, कारण मला बसचा आवाज आला. तो बोटीच्या इंजिनाचा होता, चार दिवस चालूच होता. मी पुढे गेले.

साडेआठ वाजले आणि डेकवर गाणं सुरू झालं. पंचवीस-तीस बायका रंगीत कपड्यांत निळ्या पट्टीवर रांगा करून उभ्या राहिल्या. जीजी खुर्चीतून ओरडल्या, "भिया, हिच्या राहिल्या आहेत अजून." हे फर्नांडिसजींना होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि स्वतः दोन्ही हात पसरून बाहेरच्या कडेने माझ्यासाठी वाट करत पुढे चालू लागले. तशा तीन फेऱ्या झाल्या. बायका नाचता नाचता टाळ्या वाजवत होत्या. कशासाठी ते त्यांना माहीत नव्हतं. तिसऱ्या फेरीला वळले तर जीजी उभ्या होत्या. कठडा न धरता. दोन बोटांच्या चिमटीत मेरुमणी.

"झाली," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या खुर्चीत कोसळले. श्वास परत आल्यावर मला राहवेना. इतक्या सकाळी, वाऱ्यात, तीन तास बसल्या होत्या त्या माझ्यासाठी. मी सांगून टाकलं. म्हटलं, जीजी, माफ करा, मन्नत वगैरे काही नव्हती. पळायची शर्यत आहे, मेडल मिळतं, नातवंडांना पाठवायचं आहे.

जीजींनी माझ्या पायांकडे बोट केलं. "बूट घालून प्रदक्षिणा कोण घालतं गं? पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"मग माळ का ओढलीत?"

त्यांनी मागे वळून पाहिलं. सून लांबून शाल घेऊन येत होती. जीजी हळू आवाजात म्हणाल्या, "मला समुद्र बघायचा होता. नुसती बसले तर म्हणतात, आई, आत चला, हवा लागेल. माळ हातात असली की कोणी उठवत नाही. पण मग माळ खरी तर ओढायला पाहिजे ना. तू होतीस, तुझ्यावर ओढली."

सून आली, शाल घातली आणि म्हणाली, आई, झाली का माळ? जीजी म्हणाल्या, अजून एक आहे, आणि खुर्ची मागितली. मी उठून दिली.

त्या संध्याकाळी वहीत चार रकाने भरले. अंतराचा रकाना रिकामा ठेवला. जीजींचा मधे डोळा लागला असेल तर? शेवटच्या फेऱ्या नक्की बाहेरच्या कडेनेच झाल्या का? सरांना फोन केला. त्यांनी विचारलं, "कितने हुए, आंटीजी?" मी म्हटलं, पता नहीं. माझ्याकडून त्यांनी हे उत्तर कधी ऐकलं नव्हतं.

गोव्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. मी ते गुडघ्याला बर्फ लावून बोटीच्या खिडकीतून पाहिलं. आजोबांनी उतरून पाहिलं आणि काजू आणले. जिने मात्र मी दोन दिवस उलटी उतरत होते.

घरी

तीन आठवड्यांनी शर्यत झाली. तिच्याबद्दल थोडंच सांगते, कारण तुम्हाला इंदूरचे रस्ते माहीत आहेत. पहिले पंधरा किलोमीटर मी तक्त्याप्रमाणे पळाले. कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, म्हणजे नदीकाठच्या त्या जुन्या समाध्या, दिसायला लागल्या आणि मागून तो आवाज आला. या वेळी इंजिन खरं होतं. बस माझ्या बरोबरीला आली, आणि दारातला स्वयंसेवक फार प्रेमाने म्हणाला, "माताजी, आ जाइए. पानी भी है, पंखा भी है."

खरं सांगते, मी दाराकडे पाहिलं. पंखा खरंच चालू होता.

मग पुलाच्या तोंडाशी एक प्लास्टिकची खुर्ची दिसली. त्यात जीजी, मफलर, स्वेटर, मागे सून शाल घेऊन उभी. घरून निघताना त्यांनी सुनेला काय सांगितलं असेल कोण जाणे. टाळ्या नाहीत, ओरडणं नाही. मी समोरून गेले तेव्हा त्यांचा अंगठा हलला.

"मणी ओढला आहे," त्या म्हणाल्या. "आता थांबू नको."

मी स्वयंसेवकाला नको म्हटलं. घड्याळावर बाही ओढून घेतली. मोजायचं कशाला? एक माळ मी आधीच पुरी केली होती, हलत्या जमिनीवर. ही तर सपाट होती, आणि कमी.

तीन तास अकरा मिनिटं. चार मिनिटं शिल्लक. माझ्यामागे कोणी नव्हतं. मी शेवटची आले. आजोबांचं म्हणणं होतं की हे तुम्हाला कळवायची गरज नाही. ते दोन हातांत दोन प्लेटी पोहे घेऊन उभे होते, वाफेवरचे, वर शेव आणि जीरावन, आणि त्यातली एक प्लेट त्यांनी माझ्यासाठी खरोखर राखून ठेवली होती.

घरी येऊन आंघोळ केली आणि वही उघडली. शर्यतीचे पाचही रकाने भरले. मग तीन आठवड्यांपूर्वीचं पान काढलं. अंतराचा रकाना अजून रिकामा होता. त्यात मी मराठीत लिहिलं: एक माळ.

इरा, मेडल पाकिटात कापडात गुंडाळून ठेवलं आहे; रिबनला जीरावनचा वास येईल, त्याला आजोबा जबाबदार. आणि नील, तुझ्यासाठी बसचाही एक फोटो ठेवला आहे. या वेळी बाहेरून काढलेला.

तुमची,
आजी